डोळे दिले तर आत्मा आंधळा होतो का?

नेत्रदानाचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी वडीलधारं म्हणतंच, "नको रे बाबा, पुढच्या जन्मी आंधळा होशील." हसण्यावारी नेऊ नका. ऐन वेळी, दारात तिरडी बांधली जात असताना हेच वाक्य जिंकतं आणि दोन माणसांची दृष्टी चितेवर जाते.

आत्मा आहे की नाही हा वाद बाजूला ठेवू. आहे असं मानूनच बघू या.

गीतेतला आत्मा कपडे बदलावेत तसा देह बदलतो. टाकलेल्या सदऱ्याचं बटण कुणी काढून घेतलं म्हणून नव्या सदऱ्याचं बटण तुटतं का? सुतकात घरोघरी वाचतात त्या गरुडपुराणातही पुढच्या प्रवासाचा देह दहा दिवसांच्या पिंडांतून घडतो, अवयवांसकट. जुने डोळे तर आपणच जाळलेले असतात! जैनांचा जीव देहाच्या मापाचा, मुंगीत मुंगीएवढा, हत्तीत हत्तीएवढा. पण नवा देह तोही कर्माप्रमाणे घेतो, जुन्याचे सुटे भाग बरोबर नेत नाही. चार्वाकाला तर विचारायलाच नको.

बौद्ध आत्माच मानत नाहीत. त्यांच्या जातककथांत शिबी राजा जिवंतपणी डोळे काढून देतो. श्रीलंकेत हडसन सिल्वा यांनी 1961 साली नेत्रदानाची संस्था उभी केली आणि तो छोटासा देश आजवर कितीतरी देशांना नेत्रपटलं पाठवत आलाय.

खरी अडचण मुसलमान आणि ख्रिश्चनांना यायला हवी होती, कारण त्यांना शेवटच्या दिवशी देहासकट उठायचंय. तरी जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने 1988 साली अटी घालून प्रत्यारोपणाला मान्यता दिली. मतभेद आहेत अजून, पण दार उघडलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही 2000 साली अवयवदानाची जाहीर पाठराखण केली.

मग ही भीती कुठली? मला ती ग्रंथातली वाटतच नाही, मायेतली वाटते. आईच्या चेहऱ्याला कुणी हत्यार लावावं हे सहन होत नाही, आणि तसं बोलताही येत नाही, म्हणून आत्म्याला पुढे करायचं. अशा माणसाला श्लोक ऐकवून उपयोग नाही. त्याला एवढंच सांगा, की चेहरा विद्रूप होत नाही, डॉक्टर घरी येतात, काम अर्ध्या तासात उरकतं. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन करा. तोवर पंखा बंद, डोक्याखाली उशी, पापण्या मिटून वर ओला कापूस.