रांगोळी ताटाभोवती, केकवर नव्हे

गेल्या वर्षीची गोष्ट. रात्री दवाखाना बंद करायच्या बेतात होतो, तेवढ्यात ओळखीच्या एक बाई मुलीला कडेवर घेऊन धावत आल्या. मुलीचा त्या दिवशी पाचवा वाढदिवस होता. अंगात नवा झालरीचा फ्रॉक, ओठांच्या कडेला सोनेरी चकाकी आणि चेहरा मात्र पांढराफटक. केक खाल्ल्यापासून तासाभरात चार उलट्या झाल्या होत्या. पाठोपाठ शेजारची आणखी दोन मुले आली. तक्रार तीच.

सुदैवाने जलसंजीवनीचे घोट आणि रात्रभराची विश्रांती एवढ्यावर तिघेही सावरले. पण त्या आईचे एक वाक्य माझ्या मनातून जाईना. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, बाहेरच्या केकमध्ये काय घालतात कोण जाणे, म्हणून मी मुद्दाम घरी केला हो!"

केकमध्ये खरोखरच काही दोष नव्हता. घरचा रवा, घरचे दही, घरचे तूप. पण केकवर सोन्यासारखी चमकणारी एक भुकटी पसरली होती, ती बाजारातली. दुसऱ्या दिवशी बाईंनी डबी आणून दाखवली. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत 'नॉन-टॉक्सिक' असे छापले होते. आत काय आहे, ते खाण्याजोगे आहे का, कोणी बनवले, यांपैकी एकही गोष्ट लिहिलेली नव्हती. उलट्या त्या भुकटीनेच झाल्या, असे प्रयोगशाळेच्या तपासणीवाचून मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ती डबी स्वयंपाकघरात यायलाच नको होती, एवढे मात्र नक्की सांगतो.

बिनविषारी म्हणजे खाण्याजोगे नव्हे

वाचकहो, 'नॉन-टॉक्सिक' या शब्दाने भल्याभल्यांची फसगत होते. मुलांच्या खडूवर, डिंकावर, चित्रकलेच्या रंगांवरही हा शब्द असतो. मुलाने चुकून बोट चाटले तर घाबरू नका, एवढाच त्याचा साधारण अर्थ. वाटीभर खा, असा तो परवाना नव्हे.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ साली वाढदिवसाच्या केकवरील चमकदार भुकटीमुळे लहान मुलांना उलट्या-जुलाब झाले. तपासणीत त्या भुकटीत तांबे निघाले. पुढच्याच वर्षी, २०१९ साली, मिसूरी राज्यात एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसे सापडले आणि शोध घेता घेता माग त्याच्या वाढदिवसाच्या केकच्या सजावटीपर्यंत गेला. तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये ही दोन्ही प्रकरणे प्रसिद्ध करून लोकांना सावध केले. तांब्याने निदान लगेच उलटी होते, म्हणजे शरीर ओरडून सांगते. शिसे मात्र मुकाट्याने साठत जाते आणि मुलाच्या वाढत्या मेंदूवर घाला घालते. म्हणूनच शिशाची सुरक्षित मात्रा अशी कोणतीच मानली जात नाही.

तेव्हा पहिला नियम सोपा. ज्या डबीवर 'खाण्याजोगे' असे स्पष्ट लिहिलेले नाही, घटकांची यादी नाही आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक नाही, ती डबी केकजवळ आणू नये. मग दुकानदार काहीही सांगो.

पूर्वी काय सजावट नव्हती?

काही जण म्हणतील, डॉक्टरांना हौसमौज कळत नाही. तसे नाही. सणाचा पदार्थ सजवणे ही आपली फार जुनी आवड आहे. दिवाळीच्या आधी मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणायची आणि प्रत्येकीवर चारोळी किंवा पिस्त्याचा तुकडा दाबायचा, हे कितीतरी घरांत चालत असे. संक्रांतीला बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने, पाडव्याला साखरेच्या गाठी, श्रीखंडावर केशराच्या काड्या. ही सजावट नाही तर काय?

पण तिच्यात एक शहाणपण होते. जे पदार्थावर लावायचे ते स्वतः खाण्याचेच असे. नुसते पाहायचे ते ताटाबाहेर राही. सणाच्या पंगतीत आपण रांगोळी ताटाभोवती काढतो, वरण-भातावर नाही. आज मात्र रांगोळीच केकवर येऊन बसली आहे. चमकी, प्लास्टिकच्या बाहुल्या, थर्माकोलचे आकडे, रंगीत कागदाचे झेंडे. यांतल्या किती वस्तू मुलांच्या तोंडात जातात, ते वाढदिवसाला पाहुणे म्हणून गेलात तर जरा निरखून पाहा.

रंगाची चिमूट

चमकीनंतर प्रश्न रंगाचा. आपल्याकडे खाद्यपदार्थांसाठी फार थोड्या कृत्रिम रंगांना परवानगी आहे. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो ४ आर ही त्यांतली नेहमी दिसणारी नावे. बहुतेक पदार्थांत त्यांची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम अशी आहे. म्हणजे किलोभर केकला एका ग्रॅमचा दहावा भाग. आपल्या घरात हे मोजायचे कशाने? चमच्याच्या टोकाने घेतलेली 'चिमूटभर' पूड किती होते, हे ती घेणारीलाही ठाऊक नसते. लाल गुलाब हवा तसा लालभडक होईना, की आणखी एक चिमूट पडते.

सुट्ट्या पुडीतल्या रंगाची तर गोष्टच सोडा. ऱ्होडामिन बी आणि मेटॅनिल यलो हे रंग खाण्यासाठी नाहीतच. तरीही स्वस्त आणि झगझगीत म्हणून ते अन्नात शिरतात. २०२४ साली तामिळनाडूने 'म्हातारीच्या केसांवर', म्हणजे त्या गुलाबी कापूसमिठाईवर, ऱ्होडामिन बी सापडल्यामुळे बंदी घातली आणि पाठोपाठ कर्नाटकानेही अशा घातक रंगांवर कारवाई केली. पुडी कागदाची असो वा प्लास्टिकची, तिच्यावर नाव-गाव नसेल तर आत काय आहे हे देवालाच ठाऊक.

परवानगी असलेल्या रंगांबाबतही थोडे तारतम्य हवे. टार्ट्राझिनने काही थोड्या लोकांच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली सहा कृत्रिम रंगांच्या मिश्रणांचा मुलांवर होणारा परिणाम तपासला. काही मुलांचा चंचलपणा थोडा वाढल्याचे त्यांना दिसले. त्या सहांपैकी चार रंग म्हणजे वर नावे घेतली तेच चार. परिणाम मोठा नव्हता आणि सगळ्याच मुलांत दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी युरोपात २०१० पासून हे रंग असलेल्या पदार्थांवर पालकांसाठी इशारा छापावा लागतो. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण विनाकारण घालण्याचेही नाही.

आयसिंगचा हिशेब

आता साखरेकडे वळू. लोण्याच्या आयसिंगची नेहमीची कृती पाहा. लोण्याच्या दुप्पट पिठीसाखर. २०० ग्रॅम लोणी घेतले तर ४०० ग्रॅम साखर. केकचे १६ तुकडे केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला नुसत्या सजावटीतून २५ ग्रॅम साखर येते, म्हणजे सुमारे सहा चमचे. केकमधली साखर वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो एवढ्यातच ठेवावी असे सुचवले आहे. इथे ती पाच वर्षांच्या मुलाने एका तुकड्यात संपवली, आणि सरबत अजून यायचे आहे.

लोणी महाग पडते म्हणून कोणी वनस्पती तूप फेटून घेतात. त्यातली ट्रान्स चरबी हृदयाची वैरीण. २०२२ पासून आपल्या देशात तेला-तुपातील तिचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असावे असा नियम आहे. पण डब्यावरचे वाचल्याशिवाय आणि सुटा माल टाळल्याशिवाय नियमाचा आपल्याला उपयोग नाही. अंड्याचा कच्चा पांढरा भाग फेटून केलेले आयसिंग लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांना देऊ नये. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाचे जंतू येऊ शकतात. आणि उन्हाळ्यात सायीचा केक पाहुणे येईपर्यंत टेबलावर मांडून ठेवू नये. तासाभरापलीकडे तो बाहेर राहिला तर जंतूंचाच वाढदिवस साजरा होतो.

फुले, मणी आणि फवारे

केकवर ताजी फुले लावण्याची टूम सध्या आहे. फूल दिसायला कितीही निरागस असो, कण्हेर आणि पिवळी कण्हेर ही जीवघेणी विषारी झाडे आहेत. धोत्रा तसाच, घाणेरीही नको. हारवाल्याकडच्या गुलाबावर कीटकनाशक फवारलेले असू शकते. घरच्या कुंडीतला, फवारणी न केलेला देशी गुलाब किंवा गोकर्णाचे फूल मात्र धुऊन जरूर वापरावे.

चांदीच्या रंगाचे टणक मणी पाच वर्षांखालील मुलांच्या केकवर लावू नयेत. ते घशात अडकतात. अख्खे काजू-बदामही त्यांना देऊ नयेत, भरड कूट करावा. चांदीचा वर्ख असेल तर बोटांत चोळून पाहा. खरी चांदी विरून जाते, अॅल्युमिनियमचे तुकडे राहतात. आणि मेणबत्ती पेटलेली असताना तो फेसाचा फवारा मुलांच्या अंगावर उडवण्याचा प्रकार तर ताबडतोब बंद करावा. अशा अनेक डब्यांतला वायू पेट घेणारा असतो. क्षणात केस आणि कपडे पेटतात.

मग सजवायचे कशाने?

स्वयंपाकघरात रंगांची पेटी भरलेली आहे. बीट किसून, पिळून, रस मंद आचेवर थोडा आटवला की सुंदर गुलाबी रंग मिळतो. तो आयसिंगमध्ये घालावा, केकच्या पिठात नको, कारण भट्टीच्या उष्णतेने तो फिका पडतो. (दुसऱ्या दिवशी मुलाची लघवी लालसर दिसली तर घाबरून माझ्याकडे धावू नका, ते बीट असते.) कोमट दुधात भिजवलेले केशर पिवळ्यासाठी. हळदही चालते, पण सोडा असलेल्या पिठात ती लालसर होते. गोकर्णाच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की निळा रंग आणि त्यात लिंबू पिळले की जांभळा, हा तर मुलांसाठी जादूचा खेळ. पालकाचा रस हिरव्यासाठी, कोको तपकिरीसाठी. आयसिंगही सगळीकडे थापायला नको. वरून चाळणीने पिठीसाखर भुरभुरावी. त्याआधी केकवर कागदी नक्षी ठेवली, की ती उचलल्यावर नक्षी उमटते. जणू ठशाची रांगोळीच, पण खाता येणारी. बिस्किटांवर चारोळी, बेदाणे, तीळ आहेतच.

"वर्षातून एकदाच तर करायचे, एवढा काय बाऊ?" असे मला नेहमी ऐकवले जाते. साखरेपुरते हे मी निम्मे मान्य करतो. निम्मे अशासाठी, की वर्गातली चाळीस मुले, शेजारपाजार आणि नातेवाईक धरले तर 'एकदाच' हा शब्द उरत नाही. पण धातूच्या भुकटीला, विषारी फुलाला आणि पेटत्या फवाऱ्याला एकदाच पुरे होते.

दोष आईचा आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. ती चांगल्या हेतूनेच करते. दोष आहे तो शोभेची भुकटी आणि खाण्याचा रंग एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडणाऱ्या दुकानदारीचा. अन्न व औषध प्रशासनाने सणासुदीच्या दिवसांत मिठाईची दुकाने तपासावीत, तशीच केकच्या साहित्याची दुकानेही तपासली पाहिजेत. घरून केक विकणाऱ्या भगिनींनीही नोंदणी करून घ्यावी आणि वापरलेला रंग कोणता ते गिऱ्हाइकाला आपणहून सांगावे. आणि आपण ग्राहकांनी डबी उलटी करून वाचायची लाज बाळगू नये.

त्या मुलीचा सहावा वाढदिवस यंदा झाला. तिच्या आईने आठवणीने दवाखान्यात केक पाठवला. वर बिटाच्या गुलाबी आयसिंगचा पातळ थर, डाळिंबाचे दाणे आणि मधोमध घरच्या कुंडीतला एक गुलाब. चमक कुठेच नव्हती. मी, कंपाउंडर आणि बाकावर बसलेले चार रुग्ण, सगळ्यांनी मिळून तो पाकळ्यांसकट संपवला.