नाशिकची छाटणी तंजावरला नको

वाइन द्राक्षांसाठी नाशिकचे वेळापत्रक तंजावरला उचलून आणावे, असे सुचवले जाते. कीटकशास्त्रज्ञ म्हणून मला ते धोक्याचे वाटते. नाशिकला ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बहुधा कोरडी हवा व थंड रात्री लाभतात. मण्यांतील आम्लता टिकते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हाच ईशान्य मोसमी पावसाचा काळ. ऐन फुलोऱ्यात केवडा बळावेल, फुलकिड्यांवरील फवारणी धुऊन जाईल आणि भातास मानवणारी चिकण माती वेलीच्या मुळांना हवा मिळू देणार नाही. उन्हाळी बहर धरल्यास उष्ण रात्री आम्लता घटवतील. पिठ्या ढेकूणही फोफावेल. तमिळनाडूत द्राक्षासाठी कंबम खोरे आहे. तंजावरची भातखाचरे मोडण्यापूर्वी पाऊस, रात्रीचे तापमान व निचरा यांच्या नोंदी तपासाव्यात. वाणाची निवड त्यानंतरच करावी.