दुडूदुडू धावणाऱ्या बाळाचा फोटो

मैत्रिणींनो, घरात धावरं मूल असलं की फोटोंना तोटा नसतो. पण मोबाइल उघडून बघावं, तर निम्म्याहून अधिक फोटोंत बाळ म्हणजे नुसता रंगाचा फराटा! मग आपण म्हणतो, "कॅमेराच साधा आहे." नाही तर लेकरालाच दटावतो, "एक मिनिट स्वस्थ बसशील तर शपथ!" खरं सांगायचं तर बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. कमी पडलेला असतो तो उजेड.

कसा, ते पाहा. फोटो काढताना कॅमेरा क्षणभर डोळा उघडतो आणि मिटतो. उजेड भरपूर असला तर सेकंदाच्या ५००व्या भागात त्याचं काम होतं. संध्याकाळी घरातल्या दिव्याखाली मात्र डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. सेकंदाचा ३०वा भाग, कधी त्याहूनही अधिक. आता हिशेब करा. मूल सेकंदाला दोन मीटर धावत असेल, तर ३०व्या भागात ते साडेसहा सेंटिमीटरहून थोडं जास्त, म्हणजे जवळजवळ चार बोटं पुढे सरकतं. ५००व्या भागात सरकतं फक्त चार मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्याएवढं!

म्हणून पहिला नियम हा, की बाळाला उजेडात न्या. सकाळची गॅलरी, अंगण, नाही तर मोठ्या खिडकीजवळची जागा उत्तम. खिडकी बाळाच्या समोर किंवा बाजूला असावी. पाठीमागे असली तर चेहरा काळवंडतो. भर दुपारचं ऊन टाळा, कारण डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि बाळ डोळे किलकिले करतं. ढगाळ दिवशी मोकळ्यावरचा उजेड मात्र फार छान मऊ असतो.

बिघडलेला फोटो पुसण्याआधी एकदा नीट न्याहाळा बरं का! सगळंच धूसर आहे? मग तुमचा हात हलला असावा. दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरा किंवा दाराच्या चौकटीला टेका. मागचं कॅलेंडर स्वच्छ दिसतंय आणि बाळ पुसट? मग बाळ हललं असेल, नाही तर कॅमेऱ्याने नजर कॅलेंडरवर लावली असेल. पडद्यावर बाळाच्या चेहऱ्याला बोट लावून मगच बटण दाबा. आणि सगळ्याच फोटोंवर दुधाळ साय आल्यासारखी वाटत असेल, तर आधी भिंग पुसा. फोडणीचा हात आणि बाळाची चिकट बोटं त्यावर लागलेली असतात. मऊ सुती फडकं पुरे.

आता थोडी युक्ती. धावत्या मुलाच्या मागे फोन घेऊन पळू नका. ते कुठून येणार हे आईइतकं कुणाला ठाऊक असतं? उंबरठ्यापाशी येणार असेल तर तुम्ही आधीच खाली बसा, बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर. उंबरठ्यावर पडद्यात बोट दाबून धरा. पुष्कळ फोनमध्ये नजर तिथे पक्की होते. मग हाक मारा. समोरून आडवं पळणाऱ्या मुलापेक्षा आपल्याकडे धावत येणारं मूल कमी पुसट येतं.

प्रत्येक हालचालीत थांबण्याचा एक क्षणही असतो. झोका सगळ्यात उंच गेला, की परतण्याआधी निमिषभर थांबतो. उडी मारलेलं मूल सर्वात वर पोचलं, की तसंच. तो क्षण धरा, आणि बटण किंचित आधी दाबा. ओळीने फोटो घेण्याची सोयही वापरा. काही फोनमध्ये त्यासाठी बटण दाबून धरतात, काहींत ते बाजूला किंवा खाली ओढतात. वीसांतला एक चांगला निघाला तरी पुष्कळ झालं. बाकीचे त्याच रात्री पुसून टाका.

दोन बोटांनी चित्र मोठं करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. रात्रीच्या फोटोंची खास सोय म्हणजे नाइट मोड धावत्या मुलासाठी बंद ठेवा. ती उजेड गोळा करायला जास्त वेळ घेते. फोनचा फ्लॅश चार पावलांपलीकडे फारसा पोचत नाही आणि बाळ दचकतं. शटरचा वेग ठरवता येणारा कॅमेरा असेल तर तो १/५०० वर ठेवा. घरात त्यासाठी आयएसओ वाढवावा लागेल आणि फोटोत थोडे दाणे दिसतील. दिसू देत. दाणेदार हसू चालेल, पुसटलेलं नको.

आणि एक शेवटचं. आईच फोटो काढते, म्हणून आई फोटोत नसते. बाळाचे शेकडो फोटो, आणि त्याला कडेवर घेणारी कुठेच नाही, असं पुष्कळ घरांत होतं. तेव्हा या युक्त्या ह्यांना, सासूबाईंना, मोठ्या लेकीलाही शिकवा. फोन त्यांच्या हाती द्या आणि तुम्ही बाळाबरोबर खुशाल पळा. केस विस्कटले असले, पदर खोचलेला असला तरी हरकत नाही. त्यातले निवडक दहा-बारा फोटो वर्षाकाठी कागदावर छापून घ्या. फोन बिघडतात, हरवतात. उद्या मूल मोठं झालं, की त्या फोटोंत ते स्वतःच्या आधी तुम्हालाच शोधेल!