दैवाचा दाखला नको, इतिहासाचा घ्या!

सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या वेळीं पाऊस दडी मारतो आणि काढणीच्या वेळीं उभ्या पिकावर कोसळतो. बाजारांत भाव पडलेला, घरीं कर्ज थकलेलें. शेत पिकलें नाहीं कीं सुताराचा रंधा आणि लोहाराचा भाताही गप्प. अशा वेळीं आमच्या वाशीम, रिसोड, मंगरूळपीरकडील कष्टकरी घरांस दोन उपदेशक हटकून भेटतात. एक म्हणतो, "पूर्वजन्मींचे भोग आहेत, निमूट सोसा." दुसरा म्हणतो, "पूर्वींचे शेतकरी धीराचे होते. आतांचे नेभळट झाले." बंधूंनो, या दोघांसही इतिहासच खोटें पाडतो.

पण इतिहास कोणता? मिरवणुकींत वाजतगाजत नाचविण्याचा नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांनीं उपाशीं पोटीं काढलेला.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडावर आले. तेव्हां वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत त्याची लोकसंख्या शेंकडा ११ नीं घटली. ज्यांस 'धीराचे' म्हणून आपल्यापुढें उभें केलें जातें, त्यांचींच हीं गांवें ओस पडलीं. ते काय भित्रे होते? नुसत्या धीरानें चूल पेटत नाहीं, हाच यांतला धडा!

मग चूल कशानें पेटते? १८७७ च्या दुष्काळांत जोतीराव फुले व सावित्रीबाई पंचांग उघडून ग्रहदशा पाहत बसले नाहींत. सत्यशोधक समाजानें धनकवडीस उपाशी मुलांसाठीं आश्रम काढला व त्यांच्या पोटांत अन्न घातलें. त्याआधीं, मे १८७५ मध्यें, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कर्जानें गांजलेले शेतकरी एकत्र उठले व त्यांनीं सावकारांचे रोखे जाळले. चौकशी बसली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस कर्जाच्या दाव्यांत आधार देणारा कायदा झाला. जाळपोळ करा, असें आम्ही मुळींच सांगत नाहीं. पण एकट्याचें रडणें सरकारच्या कानीं जात नाहीं, शेंकडोंचा आवाज जातो, एवढें यावरून पक्कें ध्यानांत धरा.

आतां आपल्या वऱ्हाडाचीच गोष्ट. डिसेंबर १८९८ मध्यें अमरावती जिल्ह्यांतील पापळ गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं मूल जन्मलें. वर्षभरांतच तो मोठा दुष्काळ पडला. त्या काळ्या सालीं पाळण्यांत असलेलें तें पोर म्हणजे पंजाबराव देशमुख. शिकून तो मंत्री झाला. त्याच्या खटपटीनें १९३३ सालीं कर्ज लवाद कायदा आला, आणि सावकारास आपली वही लवादापुढें मांडून तडजोडीस बसावें लागलें. त्याच्या आईबापांनीं त्या सालीं हाय खाल्ली असती, तर? आज तुमच्या पाळण्यांत कोण निजलें आहे, हें कोणत्या ज्योतिष्यास ठाऊक आहे?

म्हणून मायबापहो, कर्जाचा आंकडा घरधनिणीपासून लपवूं नका. ज्याचें दार दोन दिवस लागलेलें दिसेल, त्या शेजाऱ्याकडे आधीं जा, मग देवळांत. दहा घरांच्या वह्या घेऊन चावडीवर बसा व बँकेकडे दहाजण मिळून जा. मिरवणुकीची वर्गणी यंदा पोरीच्या शाळेस द्या. कर्ज हें पाप नव्हे आणि नापिकी हा गुन्हा नव्हे. त्यापायीं जीव देणें हा मात्र पाळण्यांतल्या पोरावर अन्याय आहे. एकटे राहूं नका, इतकेंच आपले पूर्वज सांगून गेले आहेत!