पाणी आले, वाटप कोठे आहे?

आटपाडी, जत, माण, खटाव या तालुक्यांना सरकारी भाषेत 'अवर्षणप्रवण' म्हणतात. जणू दुष्काळ हा तेथील मातीचाच दोष! याच सातारा-सांगली जिल्ह्यांतून कृष्णा वाहते आणि साताऱ्यातच शंभर टी.एम.सी.हून अधिक क्षमतेचे कोयना धरण उभे आहे. तेव्हा उणीव पाण्याची की न्यायाची, हा प्रश्न १९८२ च्या संपानंतर खानापूर तालुक्यात परतलेल्या गिरणी कामगारांनी दुष्काळी कामांवरील मजुरांच्या साथीने विचारला. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. बळवडी व तांदूळवाडीच्या ग्रामस्थांनी येरळेची वाळू विकून त्या पैशातून बळीराजा धरण बांधले आणि त्याच्या पाण्यावर भूमिहीनांचाही हक्क मानला. पाणी एकरावर नव्हे, कुटुंबावर वाटायचे, हा त्या धरणाचा खरा पाया. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने आटपाडीत भरलेल्या पाणी परिषदांनी हीच मागणी लावून धरली.

१९९१ नंतर राज्यकर्त्यांच्या तोंडी बाजाराची भाषा आली. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कर्जरोखे काढून पैसा उभा राहिला. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचे पाणी रखडत का होईना, दुष्काळी रानात पोहोचले. हे यश आम्ही नाकारीत नाही. ते लोकांनी मोर्चे काढून मिळविले आहे. परंतु २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने 'समन्यायी' हा शब्द स्वीकारला आणि पाण्याचा कोटा मात्र लाभक्षेत्रातील जमिनीशी बांधला. शिवाय त्या हक्काच्या खरेदी-विक्रीची वाटही मोकळी ठेवली. ज्याची जमीन मोठी, त्याचे पाणी मोठे.

याहून विलक्षण प्रकार वीजबिलाचा. पाणी उचलण्याच्या खर्चाचा ८१ टक्के भार शासनाने पुढे स्वतःकडे घेतला. शेतकऱ्यावर १९ टक्के राहिला. आम्ही या सवलतीचे स्वागतच करतो. पण हे ८१ टक्के कोणाचे? काडेपेटीवर कर भरणाऱ्या शेतमजुराचेही. त्याच्या पैशाने उचललेले पाणी बागायतदाराच्या उसाच्या फडात जाते आणि तो मात्र कोयता घेऊन त्याच फडात मजुरीला जातो. यालाच अर्थशास्त्राचे पंडित 'कार्यक्षम वापर' म्हणतात!

ज्या योजनेवर सार्वजनिक पैसा खर्च होतो, तिच्या पाण्यात लाभक्षेत्रातील प्रत्येक कुटुंबाचा, भूमिहीनाचा आणि परित्यक्ता स्त्रीचाही वाटा नोंदला गेला पाहिजे. तो वाटा ते खंडाने घेतलेल्या जमिनीवर वापरतील. उसाला ठिबकाची सक्ती केल्यास त्यासाठी पाणी निश्चित उरेल. पाणीवापर संस्थांच्या सभासद-यादीत ही नावे घालण्याचा ठराव कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेपासूनच मांडावा.