साधने मोजकी, बोलणे भरपूर



मंडळाची मराठी शाळा या सत्रापासून ऑनलाइन भरणार हे ठरल्यापासून शिक्षकांच्या गटावर नवनव्या ॲप्सची नावे येत आहेत. हा उत्साह मोलाचा आहे. मात्र आठवड्यातून मिळणाऱ्या एका तासात मुलांनी काय करायचे, हे आधी ठरायला हवे. माझ्या मते त्यांनी मराठी बोलायचे. परदेशात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर घरी मराठी पडते. बरोबरीच्या मुलांशी मराठीत बोलायची संधी बहुधा शाळेतच मिळते. ही संधी वाढवणारे साधन घ्यावे, बाकीची सोडावीत.

साधा हिशेब करू. बारा मुलांच्या वर्गात अर्धा तास एकेकाला बोलते केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटे येतात. झूममधल्या ब्रेकआउट रूम्स वापरून तिघातिघांचे चार गट केले, तर तेवढ्याच वेळात प्रत्येकाला दहा मिनिटे मिळतात. विनामूल्य झूमवर बैठक 40 मिनिटांत संपते, म्हणून मंडळाने शाळेसाठी एक सशुल्क खाते घ्यावे. दुसरे साधन गूगल क्लासरूम. व्याकरणाचे छोटे व्हिडिओ आणि गृहपाठ तिथे ठेवले की समजावून सांगण्यात जाणारा वेळ संभाषणाला मोकळा होतो. तिसरे साधन फोनमध्येच आहे, व्हॉइस रेकॉर्डर. मुलाने उतारा वाचून पाठवावा. ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला फरक शिक्षकांना सावकाश ऐकून सुधारता येतो. वाचनासाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार आणि विनामूल्य मिळतात, तर बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उपलब्ध आहेत.

एवढ्यावर मुले रमतील का, ही शंका रास्त आहे. कहूतसारख्या प्रश्नमंजुषेला जागा आहेच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधल्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. म्हणून वर्गाच्या सुरुवातीला मागच्या धड्यावर पाच मिनिटे प्रश्न जरूर विचारावेत. पण चार पर्यायांतून उत्तर ओळखणे आणि स्वतः वाक्य रचणे यांत अंतर आहे. तासभर खेळच चालला तर मुले रमतील, बोलणार नाहीत. नुसत्या माध्यमाकडून फार अपेक्षाही ठेवू नये. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 2010 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा केवळ समोरासमोरच्या शिक्षणापेक्षा ऑनलाइन घटकाची जोड असलेले शिक्षण किंचित सरस ठरले. त्याचे श्रेय माध्यमाला देता येत नाही, कारण त्या विद्यार्थ्यांना वेळ आणि साहित्यही जास्त मिळाले होते, असे अभ्यासकांनीच बजावले. शिवाय साधने टिकतात असेही नाही. शिक्षकांच्या आवडीचे स्वतंत्र फ्लिप ॲप आणि गूगलचे जॅमबोर्ड ही दोन्ही 2024 मध्येच बंद झाली. म्हणून धडे, चित्रे आणि ध्वनिमुद्रणे साध्या फाइलींत, मंडळाच्या स्वतःच्या खात्यात जपून ठेवावीत.

अक्षरओळखीचा प्रश्न वेगळा आहे. इंग्रजी अक्षरांत ‘घर’ टंकले की कीबोर्ड देवनागरी उमटवतो. त्यात ‘घ’ गिरवणे आणि मात्रा लावणे राहूनच जाते. लहान मुलांनी वहीतच लिहावे, पालकांनी पानाचा फोटो पाठवावा. मुलांचा पडद्यासमोरचा वेळ आधीच फार आहे, ही पालकांची काळजीही त्यामुळे थोडी कमी होईल. ज्येष्ठ शिक्षकांना तंत्रज्ञान जड जाईल, हा आक्षेप तर मोजक्याच साधनांच्या बाजूचा आहे: तीन गोष्टी शिकणे कोणालाही जमते, तेरा नाही. समोरासमोरच्या वर्गातली जवळीक पडद्यावर येत नाही, हे मान्य करायलाच हवे. त्यासाठी दर सत्रात एकदा सर्वांनी प्रत्यक्ष भेटावे. पण दूरच्या गावात राहणाऱ्या कुटुंबांना प्रत्यक्ष वर्ग आणि ऑनलाइन वर्ग यांत निवड नसते. त्यांच्यापुढे ऑनलाइन शाळा किंवा शाळाच नाही, एवढेच पर्याय असतात.

तेव्हा शिक्षकांनी या सत्रापुरती हीच तीन साधने पक्की करावीत. ज्या पालकांना जमेल त्यांनी वर्गाच्या वेळी एकेका गटासोबत बसायला पुढे यावे आणि मुलांचे आवाज व फोटो गटाबाहेर जाणार नाहीत याची खबरदारी आपण सर्वांनी घ्यावी. मदत करू इच्छिणाऱ्यांनी शाळेच्या समितीकडे आपले नाव जरूर कळवावे.

— संपादक