सहाशे किलोमीटरची गाणी

सुट्ट्या लागल्या की आपल्या इंदूरच्या मराठी घरांतल्या कितीतरी गाड्या पुण्या-नाशिकच्या रस्त्याला लागतात. सेंधवा, धुळे, नाशिक करत पुणं गाठायचं म्हणजे सुमारे ६०० किलोमीटर. चहा-जेवणाचे थांबे धरले तर अख्खा दिवस. आजी-आजोबा, आई-बाबा आणि तुम्ही इतके तास एकत्र बसलात, असं घरी आता क्वचितच होतं. म्हणून या वेळी आपल्या सदरात गाडीतल्या गाण्यांची तयारी.

"त्यात तयारी कसली? फोन आहे, ब्लूटूथ आहे," असं तुम्ही म्हणाल. शहरात तेवढं पुरतं. बिजासनच्या घाटात नेटवर्क येतं-जातं, गाणं अडकतं, मध्येच काकूचा फोन येतो आणि पुढचं गाणं लावायला चालवणाऱ्याचा हात फोनकडे जातो. हे शेवटचं सगळ्यात वाईट. चालवताना फोन हातात धरणं कायद्यानेही गुन्हा आहे. अ‍ॅपमध्ये गाणी डाउनलोड करून ठेवता येतात, पण ती त्या अ‍ॅपपुरतीच. पेन ड्राइव्हवर नेता येत नाहीत, आणि वर्गणी थांबली की गेली. शिवाय आपल्या घरातली काही गाणी कुठल्याच अ‍ॅपवर नाहीत. त्यांच्याकडे पुढे येते.

तर एक ३२ जीबीचा, अगदी बुटका पेन ड्राइव्ह घ्या. लांब असला की कुणाचा तरी गुडघा लागतो. तो 'फॅट३२' पद्धतीने फॉरमॅट करा, कारण जुन्या स्टिरिओंना बहुधा तीच कळते. (फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी बघून घ्या.) गाणी एमपीथ्रीमध्ये, १९२ केबीपीएसला ठेवा. चार मिनिटांचं गाणं साधारण ६ एमबीचं होतं आणि ३२ जीबीत साडेतीनशे तासांहून जास्त गाणी मावतात. गाडीतल्या आवाजात याहून भारी दर्जाचा फरक कानाला फारसा कळत नाही. घरात सीडी पडल्या असतील तर त्यांपासून सुरुवात करा. बाबांनी पैसे मोजून घेतलेल्या आहेत त्या.

आता खरी मेख: क्रम. समजा, तुम्ही गीतरामायण भरलंत. गदिमा आणि बाबूजींची ही ५६ गीतं १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक अशी प्रसारित झाली. सलग कथाच आहे ती. तुम्ही फाइलींना १, २, ३ असे आकडे दिलेत. पण नावाप्रमाणे लावणारे बरेच स्टिरिओ आकडा न बघता अक्षरं बघतात. त्यांच्या हिशेबात १ नंतर १०, मग ११, असं करत १९ आणि त्यानंतर २! म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यालाच विश्वामित्र निघतात, सीतेचं स्वयंवर होतं, राम वनवासाला जातो, आणि रामजन्माचं सहावं गीत थेट ५६व्यानंतर लागतं. मागच्या सीटवरची आजी हे पाचव्या मिनिटाला पकडेल. उपाय साधा आहे: ०१, ०२, ०३ असे दोन अंकी आकडे द्या. काही स्टिरिओ तर नावही बघत नाहीत. फाइली ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून कॉपीही क्रमानेच करायची, एकेक फोल्डर. जुन्या स्टिरिओच्या पडद्यावर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. तसं झालं तर नावं रोमन लिपीत द्या.

काय भरायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, फक्त एक सांगते. आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ गाडीत नकोत. अतिविलंबित लयीतला तो ख्याल रात्री घरी, दिवे मंद करून ऐकायचा. महामार्गावर टायरच्या घरघरीत त्यातलं निम्मं विरून जातं. नाट्यपदं, अभंग, लावण्या, भावगीतं आणि पुलंचं कथाकथन गाडीत छान जमतं. जुन्या गाण्याचा आवाज बारीक आणि नव्याचा एकदम कानठळ्या बसवणारा, असं होत असेल तर 'एमपीथ्रीगेन' हे मोफत सॉफ्टवेअर सगळ्यांचा आवाज सारख्या पातळीला आणतं. एक फोल्डर तुमच्या आवडीचाही ठेवा, आणि धुळ्यापर्यंत कुणाची पाळी ते निघण्याआधी ठरवा.

आता त्या अ‍ॅपवर नसलेल्या गाण्यांबद्दल. बहुतेक घरांत माळ्यावर एक कॅसेटचा डबा असतो. त्यात गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग असतं, आजीच्या भजनी मंडळाचं, मंगळागौरीच्या गाण्यांचं, कधी आत्याच्या लग्नातल्या मंगलाष्टकांचं. ती फीत म्हातारी होते आहे. चालणारा कॅसेट प्लेअर शोधा. नातेवाइकांत एखादा निघतोच. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावू नका, जाणकाराला दाखवा. बाकीच्यांच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात, ते मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, चिकटलेली फीत मोकळी होते. मग हेडफोनच्या छिद्रातून वायर लॅपटॉपला जोडा (त्याला आवाज घेणारं छिद्र नसेल तर यूएसबीचा छोटा जोड बाजारात मिळतो) आणि 'ऑडॅसिटी' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका. फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही. मूळ प्रत वेव्ह फाइलमध्ये ठेवा, तासाला साधारण ६०० एमबी जागा लागेल. ती घरच्या हार्ड डिस्कवर राहू द्या आणि गाडीसाठी एमपीथ्री काढा. पेन ड्राइव्ह उन्हात तापतो, हरवतो. त्यावर एकुलती एक प्रत कधीच नको.

रेकॉर्डिंग करताना आजीला शेजारी बसवा. कॅसेटवर बहुतेक वेळा 'भजन, बाजू १' एवढंच लिहिलेलं असतं. पेटीवर कोण आहे, मध्येच खोकलं कोण, हा कार्यक्रम कुणाच्या अंगणात झाला, हे तिला आवाजावरून कळतं. ती सांगेल ते तिथल्या तिथे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा आणि ती त्याच फोल्डरमध्ये टाका. स्टिरिओ ती फाइल वाचत नाही, पण तिची त्याला अडचणही होत नाही.